आक्काची किडनी

भावाच्या लग्नाच्या दिवशीच आक्कानं नव्या भावजयीचं नाव मनातल्या मनात ‘बाहुली’ ठेवलं. दिसायला लहानखुरी, बोलायला हळू, हसली की तोंडावर हात. नाव लाडाचं वाटेल, पण ठेवलं लाडानं नव्हतं.

आई गेली तेव्हा भाऊ इतका लहान होता, की त्याला बुटाची नाडीही बांधता येत नव्हती. आक्कानं त्याला वाढवलं. मध्ये तिचंही लग्न झालं, ते टिकलं नाही, ती परत आली, आणि ‘का आलीस’ असं भावानं तिला एकदाही विचारलं नाही. मग दोघांचंच घर होतं. त्यात बाहुली आली. जेवताना ‘आक्का, मीठ दे’ म्हणणारा भाऊ ‘अगं, मीठ दे’ म्हणू लागला. आक्कानं दोन गल्ल्या सोडून खोली घेतली. “तुम्हाला मोकळं राहता येईल,” म्हणाली. भावानं फारसं अडवलं नाही, हे तिनं लक्षात ठेवलं.

भाऊ किल्ल्या करायचा. बाजाराच्या तोंडाशी त्याची टपरी होती. एकदा त्याचे पाय सुजले, चपलेत मावेनात. उन्हातान्हात उभं राहून झालं असेल म्हणून आधी दुर्लक्ष केलं. मग तोंड सुजलं, तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही किडन्या कामातून गेल्यात. तूर्त डायलिसिस करू, पण घरातल्या कुणाची किडनी मिळाली तर उत्तम.

“मी देणार,” आक्का म्हणाली. डॉक्टरांचं वाक्य अजून पुरं व्हायचं होतं.

त्या दिवसापासून तिनं मोबाइल हातात घेतला तो खाली ठेवलाच नाही. आक्का लाँड्रीत कामाला होती. हॉटेलांच्या चादरी धुऊन यायच्या, त्या दोन बायकांनी चार टोकं धरून झटकायच्या, घडी घालायची आणि यंत्रात सरकवायच्या. जेवणाच्या सुट्टीत ती डबा एका हातानं खायची आणि दुसऱ्या हातात व्हिडिओ. एक टकले डॉक्टर पांढऱ्या फळ्यावर चित्रं काढून समजावायचे, ते तिला फार आवडले. ‘आमचे डॉक्टर’ म्हणायची ती त्यांना. मग ती चित्रांवरून खऱ्या ऑपरेशनांवर आली. पहिलं तिनं बोटांच्या फटीतून पाहिलं. पुढं पुढं पोळी मोडता मोडता पाहू लागली.

“अगं बाई, माझ्या डब्यासमोर नको ते,” तिची जोडीदारीण पाठ फिरवून बसायची. “तू काय ऑपरेशन करणारेस का स्वतःचं?”

“माहिती असलेली बरी. तुला ठाऊक आहे, जुन्या किडन्या काढतच नाहीत? आत तशाच ठेवतात. नवी खाली, ओटीपोटात बसवतात.”

“मला कशाला ठाऊक असायला हवं? चादर धर.”

एक जागा आक्का पुन्हा पुन्हा बघायची. नवी किडनी बसवतात तेव्हा ती राखाडी, मेलेली दिसते. मग रक्तवाहिन्या जोडून चिमटे सोडले की बघता बघता ती गुलाबी होते, आणि लघवीचा पहिला थेंब पडतो. तोंडं झाकलेले डॉक्टरसुद्धा त्या क्षणी खूश झालेले कळतात. ती किडनी आपलीच आहे असं धरूनच आक्का ते बघायची. आपला एक तुकडा त्याच्या पोटात कायमचा राहील, हे तिनं कुणाला सांगितलं नाही. पण मग मीठ कुणाकडं मागतो ते बघू, असं तिला वाटायचं.

तपासण्या झाल्या. रक्तगट जुळला. आणि आक्काला मधुमेह निघाला.

“बराच जुना दिसतोय,” डॉक्टर म्हणाले. “तुमची किडनी घेता येणार नाही.”

“गोळ्या घेऊन साखर खाली आणते की. एका व्हिडिओत सांगितलं होतं…”

“ताई, साखर खाली येईल. पण मधुमेह पुढं तुमच्याच किडनीला त्रास देऊ शकतो. तेव्हा तुम्हाला दोन्ही लागतील. एक काढून मी दोन पेशंट करू का?”

जगातल्या सगळ्यांच्या किडन्या आक्कानं पाहिल्या होत्या, पण हल्ली इतकी तहान का लागते, हे तिनं स्वतःला विचारलं नव्हतं.

“मग माझी तपासा,” मागच्या खुर्चीवरून आवाज आला. बाहुली होती. हळू बोलली, पण बोलली.

बाहुलीचं सगळं जुळलं. सगळे रिपोर्ट कसे स्वच्छ. चष्म्याच्या दुकानात दिवसभर उभं राहून काम करणारी ती, तिला साधी सर्दीसुद्धा नव्हती. भावाला डायलिसिसच्या खुर्चीवर ही बातमी कळली आणि त्यानं नळ्या नसलेल्या हातानं बायकोचा हात धरला. आक्का काचेच्या दाराबाहेर उभी होती. आनंदाची बातमी आहे हे तिला कळत होतं, पण तिनं दार ढकललं नाही. आमच्या दोघांचं रक्त एक, आणि जुळली ती परक्या घरातून आलेली!

त्या आठवड्यात बाहुली आक्काच्या खोलीवर आली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली,

“वन्सं, तुम्ही एवढं सगळं बघितलंय. मला थोडं दाखवता का? मी म्हटलं खरं ‘माझी घ्या’, पण मला काहीच माहीत नाही. भीती वाटते.”

आक्कापाशी ढीगभर व्हिडिओ होते. फळ्यावाले डॉक्टर होते, चौथ्या दिवशी जिना चढणारा दाता होता. त्यातून तिनं एका बाईचा व्हिडिओ काढला. त्या बाईनं नवऱ्याला किडनी दिली होती, आणि रडत रडत सांगत होती, की जखम दुखते, झोप येत नाही, घरात मला कुणी विचारत नाही, सगळे त्यालाच बघायला येतात. बाहुलीनं तो पुरा पाहिला. तोंडावर हात होता, पण हसू नव्हतं.

“असंही होतं,” आक्का म्हणाली. “खोटं कशाला सांगू?”

खोटं तिनं सांगितलं नव्हतंच. त्याच बाईचा पुढचा भाग होता, तेवढा दाखवला नव्हता.

बाहुली गेली. दुसऱ्या दिवशी तिचा फोन नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. चादरी झटकताना आक्काच्या मनात आलं, मागं फिरली वाटतं. आणि तिला बरं वाटलं. मग तिच्या डोळ्यांपुढं डायलिसिसहून रिक्षात बसणारा भाऊ आला, डोकं मागं टाकलेला, पिवळा पडलेला, आणि तिच्या हातातून चादरीची दोन्ही टोकं सुटली.

“काय झालं?” जोडीदारणीनं विचारलं.

“मी वाईट बाई आहे गं.”

“ते नंतर. आधी चादर उचल, पुन्हा धुवावी लागेल.”

काम सुटल्यावर आक्का तडक भावाच्या घरी गेली. सगळे चांगले व्हिडिओ दाखवायचे, वाटल्यास पाया पडायचं, असं ठरवून गेली. दार बाहुलीनं उघडलं. भाऊ आत झोपला होता.

“बरं झालं आलात,” ती म्हणाली. “त्या बाईचे सगळे व्हिडिओ बघून काढले मी. रडते तो अगदी सुरुवातीचा आहे. पुढं ती छान बरी झालीय. शेवटच्यात म्हणते, पुन्हा वेळ आली तर पुन्हा देईन.” मग तिनं विचारलं, “तुम्ही तो बघितला नव्हता का, वन्सं?”

आक्कानं तिच्याकडं पाहिलं. विचारणारीच्या चेहऱ्यावर राग नव्हता. पण तिला कळलेलं होतं.

“बघितला होता,” आक्का म्हणाली.

बाहुलीनं मान हलवली आणि चहाचं आधण ठेवायला गेली. आतून म्हणाली, “मला माहितीये, तुम्हाला द्यायची होती.” आक्काला वाटलं, ही भांडली असती तर बरं झालं असतं. आता आक्काच्या मनातलंसुद्धा हिला ठाऊक होतं.

ऑपरेशनच्या सकाळी भाऊ स्ट्रेचरवरून म्हणाला, “आक्का, माझ्याकडं डॉक्टर बघतील. तू हिला सांभाळ.”

त्याच्यासाठी आली होती ती, आणि तिच्या वाट्याला बाहुली आली. नवी किडनी लगेच चालली. भाऊ काचेच्या खोलीत, भेटायला बंदी, तरी सगळे नातेवाईक काचेला नाकं लावून उभे. दुसऱ्या वॉर्डात बाहुली कण्हत होती आणि तिच्यापाशी आक्काशिवाय कुणी नव्हतं. त्या रडणाऱ्या बाईनं सांगितलं होतं ते एवढं तरी खरं होतं.

“वन्सं, खांदा फार दुखतोय. पोटाचं ऑपरेशन आणि खांदा का दुखतो? काही चुकलं का हो?”

“काही चुकलं नाही. दुर्बिणीनं करताना पोटात हवा भरतात, ती राहिलेली असते. तिच्यामुळं खांदा दुखतो. चाललीस की कमी होतं.” तरी आक्का नर्सला बोलावून आली. नर्सनं तपासलं, तेच सांगितलं. मग आक्कानं बाहुलीला उठवून बसवलं, तिच्या बगलेत हात घातला, आणि दोघी पलंगापासून खिडकीपर्यंत चालल्या. बाहुलीचं वजन ते काय! सगळं आक्काच्या अंगावर आलं होतं. तिच्या कुशीवरची पट्टी आक्काला गाऊनमधून हाताला लागत होती. ही पट्टी माझ्या अंगावर असायला हवी होती, तिच्या मनात आलं. तिनं हात काढला नाही. परत फिरताना बाहुली ओकली, तेव्हा तिचे केस आक्कानंच मागं धरले.

भाऊ बरा झाला. टपरी पुन्हा उघडली. गिऱ्हाइकांना तो शर्ट जरासा वर करून सांगतो, “ही बायकोची देणगी.” आक्का तिथं असली तर समोरच्या दुकानातल्या बादल्या बघत उभी राहते. ती स्वतः मधुमेहाच्या गोळ्या घेते, पथ्य पाळते. बाहुलीचं नाव ती अजून मनात बाहुलीच ठेवते, पण त्या नावात आता पूर्वीची चेष्टा उरलेली नाही. मत्सर उरलाय. जोडीदारणीला तिनं ते सांगून टाकलं. “सगळं चांगलं झालं, तरी मला बघवत नाही गं.” जोडीदारीण म्हणाली, “मग नको बघूस. टोक धर.”

भावाला आता जन्मभर गोळ्या घ्यायच्यात, अगदी वेळेवर. आक्का रोज सकाळी लाँड्रीत शिरण्याआधी फोन करते.

“गोळी घेतलीस?”

“हिनं दिली की मघाशीच.”

“बरं,” आक्का म्हणते, आणि तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारते.