कुसुम म्हणे

अकोला स्टेशनवर माझी पुण्याची गाडी हलायच्या बेतात होती. आईनं खिडकीच्या गजांतून हात घातला आणि माझी हनुवटी धरली. "तिकडे कमी बोलजो बरं," ती म्हणाली. "आपलं साधं बोलणंही त्या लोकायले भांडण वाटते."

हे सांगत कोण होतं, तर लग्नालग्नांत विहिणींना सळो की पळो करून सोडणारी बाई! अकोल्याच्या जठारपेठेतल्या मैत्रिणींनो, तुम्हाला आठवत असेल. पंगत बसली की मुलीकडच्या बायका नवऱ्यामुलाच्या आईला गाण्यातून चिडवायच्या, आणि आमच्या मातोश्री कुसुमबाई त्यांच्या म्होरक्या. कागद नाही, पेन नाही, समोरची विहीण बघून जागच्या जागी जुळवायच्या:

आली विहीण वरूडची, संत्र्याचा ट्रक घेऊन,
मांडवात नाही वाटलं एक, गेली सारी खाऊन!
कुसुम म्हणे, राग नको, जा बाई जेवून!

शेवटच्या ओळीत गाणारीनं स्वतःचं नाव घालायचं, हा आमच्याकडचा रिवाज. टोमणा मारला तर कोणी मारला ते विहिणीला कळायला नको का? पुढे मांडवात भिंतीएवढे साउंड बॉक्स आले आणि आईला गा म्हणणारं कोणी उरलं नाही.

पुण्यात मी सॉफ्टवेअर तपासते. आठवडाभर 'हो सर', 'चेक करते सर' एवढंच बोलून जीव आंबून जायचा. मग नसरीन भेटली. ती आमच्या अकोल्याजवळच्या मूर्तिजापूरची, माझ्याआधी चार वर्षं इकडे आलेली. दर शनिवारी संध्याकाळी बागेत पाच-सहा मुली जमवून रॅप करायची. पहिल्याच दिवशी म्हणाली, "वऱ्हाडची हायेस न? मंग इतकं हळू कावून बोलून राहिली?" मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

तिनंच आम्हाला रॅपचा इतिहास सांगितला. तिकडे अमेरिकेत एका मुलीला शाळेसाठी नवे कपडे हवे होते, म्हणून तिनं इमारतीतच तिकीट लावून पार्टी ठरवली आणि आमंत्रणं हातानं लिहिली. भाऊ रेकॉर्ड वाजवायला बसला. रॅप ज्यातून आलं ते हिपहॉप तिथून सुरू झालं असं मानतात. नाव मात्र भावाचं झालं. नंतरही कितीतरी मुली माइक घेऊन उभ्या राहिल्या, पोरांना तोडीस तोड उत्तरं दिली, गाण्यांच्या कंपन्याही चालवल्या, तरी लोक म्हणतात की बायका यात मागाहून आल्या. हे ऐकून मी जाम चिडले. दोन दिवस ऑफिसात जो भेटेल त्याला तेच ऐकवत होते.

मग एका कॉलेजच्या हॉलमध्ये माझी पहिली रॅप बॅटल झाली, म्हणजे रॅपमधून एकमेकांना टोमणे मारायचा सामना. समोरचा मुलगा महागडे बूट घालून आला होता. माझं डोकं कोरं झालं, आणि तोंडातून थेट आईचा संत्र्याचा ट्रक बाहेर पडला. विहिणीच्या जागी तो मुलगा बसवला, इतकंच. हॉल डोक्यावर घेतला लोकांनी! व्हिडिओ तिसऱ्या दिवशी अकोल्यात पोचला.

आईचा फोन आला तेव्हा मी मनातल्या मनात बॅग भरूनही टाकली होती. आता ही परत बोलावणार.

"ते संत्र्याचं गाणं माहं व्हय ना?"

"हो, आई."

"मंग माहं नाव कावून कापलं?"

पुण्यात कुसुम कोणाला माहीत, असं वाटून ती ओळ मीच गाळली होती. त्या अमेरिकेतल्या मुलीसाठी जगाशी भांडणारी मी, आणि माझ्या आईचं नाव मीच पुसलं. मला फार लाज वाटली. तसं सांगितलंही तिला. ती एवढंच म्हणाली, "लग्नाले ये."

अमरावतीला मामेबहिणीचं लग्न होतं. नसरीनलाही नेलं. पंगत बसली तशी मी साउंडवाल्याकडून माइक मागून घेतला आणि आईच्या हातात दिला. नसरीन तोंडानं ठेका धरायला लागली. आई आधी लाजली, मग विहीणबाईंच्या गॉगलवर जी सुटली, की वाढपी भांडी खाली ठेवून ऐकत उभे राहिले. विहीणही कमी नव्हती. तिनं आमच्याकडच्या पातळ वरणावर उलट गाणं जुळवलं आणि शेवटी ठसक्यात स्वतःचं नाव घातलं. हसून हसून आमची पोटं दुखली.

हल्ली माझ्या प्रत्येक कार्यक्रमाची शेवटची ओळ ठरलेली असते. मी "कुसुम म्हणे" म्हणते आणि कधी अकोला न पाहिलेली मुलं तेच दोन शब्द जोरात परत म्हणतात. माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, घर कुठे आहे असं मला कोणी विचारलं, तर मी फोनकडे बोट दाखवते. कार्यक्रम संपला की तो वाजतोच. पूर्वी आई आधी विचारायची, "जेवली का?" आता आधी विचारते, "नाव घेतलं का?"

"घेतलं, आई."

"मंग जेव आता."