सातव्या बंगल्याची पिवडी

भुताखेतांशी माझं कधी जमलं नाही. तीस वर्षं उमरीत चित्रकला शिकवली. त्या काळात अनाकलनीय वाटल्या त्या फक्त उद्घाटनाच्या निमंत्रणपत्रिका. तरीही हे लिहितोय...

मुखेडपासून तासाभरावर एका माळावर निजामाच्या अधिकाऱ्यांनी उन्हाळा काढायला बांधलेले सात बंगले आहेत. आमच्याकडे थंड हवेचं ठिकाण म्हणजे बेचाळीसच्या जागी चाळीस. आता तिथे वारसा समिती आहे, म्हणजे उद्घाटन आलंच. रंगकाम माझ्या धाकट्या भावाकडे, दत्तूकडे होतं – जुन्या पद्धतीनं, चुन्यात पिवडी, म्हणजे पिवळी माती, कालवून. सहा बंगले झाले आणि एका दुपारी जेवता जेवता तो गेला. हार्ट.

तेराव्यानंतर अध्यक्ष म्हणाले, "सर, सातव्याचा रंग जुळला नाही तर सगळेच प्लास्टिक पेंटनं मारून घेऊ." म्हणजे दत्तूचं शेवटचं काम झाकलं जाणार. मी म्हणालो, करतो. रडू येत नव्हतं. जेवत होतो, झोपत होतो. कशालाच चव नव्हती.

दत्तूनं प्रमाण कुठे लिहिलेलं नव्हतं. त्याचा साथीदार गफार आणि मी भिंतीवर अकरा नमुने लावले. चुना वाळला की रंग फिका पडतो, म्हणून दर वेळी अर्धा दिवस वाट पाहायची. अकराही चुकले.

"सर, तुमचा पिवळा शाळेतला हाय," गफार म्हणाला. "दत्तूभाऊचा जरा उन्हात बसलेला होता."

मुदत संपत आली, तेव्हा थेट पिंपातच कालवायला घेतलं. ढवळत होतो, डोक्यात काहीच नव्हतं. समोर गफार उभा राहिला – हातात भरलेली बादली, धापा टाकत.

"हे कशाला?"

"तुम्हीच तर म्हणलात. विहिरीचं आण, टाकीचं नको."

विहीर माळाच्या पायथ्याशी. जाऊन यायला अर्धा तास. मला काही आठवेना.

गफार खाली बसला. "दत्तूभाऊ बी दर टायमाला हेच म्हणायचे. मला खाली धाडायचे, अन् तेवढ्यात काय टाकायचं ते टाकायचे. आठ वर्षांत दाखवलं न्हाई."

"मला कधी बोलला नाहीस."

"तुम्ही इचारलं कुठं?"

पिंपात होता तोच रंग भिंतीला दिला. दुसऱ्या दिवशी भिंत वाळली. रंग जुळला होता.

उद्घाटनात समितीनं एकमेकांचे आभार मानले. दत्तूचं नाव निघालं नाही, पण सातही बंगले त्याच्याच रंगात उभे होते.

दुःख, थकवा, कधीतरी कानावर पडलेलं वाक्य – सगळं स्वतःला सांगून पाहिलं. वाक्य कानावर पडलं असेलही. पण पिंपात मी काय टाकलं? घरी चार वेळा कालवलं... शाळेतलाच पिवळा येतो.

गफारनं आणलेलं ते पाणी आम्ही वापरलंच नाही. तो म्हणतो, दत्तूच्या वेळीही बादली तशीच भरलेली राहायची.