हस्केलअण्णांचे सात वेढे

चन्नबसप्पांनी हस्केल झिराडकरांना पहिल्यांदा पाहिलं ते खिडकीतून. बसवकल्याणात वजनकाटे दुरुस्त करायला आलेला हा नवा शेजारी सकाळी सकाळी डाव्या हाताला काळी चामडी पट्टी गुंडाळत होता.

"हात मोडला का काय, अण्णा?"

"न्हाई. प्रार्थना करायलोय."

दंडावर एक आणि कपाळाच्या वर एक अशा छोट्या काळ्या पेट्या, आत धर्मग्रंथातली वचनं. ज्यू लोक त्यांना तेफिलिन म्हणतात.

गळ्यातलं इष्टलिंग अंघोळीलाही न उतरवणाऱ्या लिंगायत चन्नबसप्पांना एकच गोष्ट खटकायची. शनिवारी आणि सणाला अण्णांचा हात मोकळा!

"तुमच्या देवाला शनवारी सुट्टी व्हय?"

"शनवार हीच आमची खूण. पट्टीबी खूणच. खुणेवर खूण कामून?"

हा वाद तीस वर्षं चालला.

यंदा मे महिन्यात धान्याचा मोठा काटा उतरवताना अण्णा पडले आणि उजवं मनगट खरंच मोडलं. तेराव्या वर्षापासून न चुकलेलं तेफिलिन तसंच पिशवीत राहिलं.

"मी बांधतो की," चन्नबसप्पा म्हणाले.

"ज्याला ही आज्ञा हाय त्यानंच बांधायचं, अप्पा."

आणि ती आज्ञा असलेला दुसरा ज्यू गावात नव्हता.

प्लास्टर निघालं, पण बोटांत पट्टी टिकेना. पकड परत येईलच असं डॉक्टरही सांगेनात. अण्णा दिवसभर रबरी चेंडू दाबत बसायचे. तिशा बावच्या दिवशी बांधणारच, असं त्यांनी ठरवलं होतं. यरुशलेमचं मंदिर पडलं, तो हा उपासाचा दिवस.

त्या सकाळी चन्नबसप्पा धावत गेले. अण्णा जमिनीवर बसलेले, हात रिकामा.

"जमलं न्हाई व्हय?"

"बांधलंच न्हाई. दागिना हाय तो. दुखवट्यात सकाळी दागिना घालत्यात का? दुपारी घालायचा."

"आधी सांगायचं की! चहा सोडून पळत आलो."

"मंग तुमचाबी उपास!"

दुपारी अण्णा उठून उभे राहिले. दंडावर पेटी बसली. आता हातावर पट्टीचे सात वेढे. तिसऱ्या वेढ्याला पट्टी सुटली. चन्नबसप्पांचा हात आपोआप पुढे गेला. अण्णांनी मानेनंच नको म्हटलं. पुन्हा पहिल्यापासून. चार. पाच. सहाव्याला पट्टी सैलावली, पण सुटली नाही.

"एळु!" सातवा वेढा बसताच चन्नबसप्पा कन्नडमध्येच ओरडले आणि त्यांनी टाळी वाजवली. दोन पेट्यांच्या मधे बोलायचं नसतं, म्हणून अण्णा नुसते हसले, आणि त्यांनी दुसरी पेटी डोक्यावर चढवली.

हस्केल झिराडकर आज एकाहत्तर वर्षांचे आहेत. शनिवार सोडून रोज सकाळी नऊला ते दुकान उघडतात.