आत्याला पाण्यावरून आणलं तेव्हा

धरणाच्या पलीकडच्या काठावर आमची आत्या एकटीच राहायची. नव्वदच्या दशकाच्या शेवटी, दिवाळी नुकती सरली असताना, ती ओट्यावरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. शेजाऱ्याने सापगावला येऊन आम्हाला निरोप दिला. तिला रस्त्याने आणायचं तर पाण्याला मोठा वळसा पडायचा, वाट सगळी दगडगोट्यांची. जीपचे ते हादरे तिला सोसवले नसते. थोरला भाऊ म्हणाला, होडी भाड्याने घेऊ.

धरणात मासे धरणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडे ताडपत्रीचं शीड लावलेली होडी होती. तो तापाने फणफणला होता, म्हणून होडी त्याने आमच्याच हवाली केली. वल्हवायला आम्ही दोघेही लहानपणीच शिकलो होतो आणि त्याचं शीडही मी बऱ्याचदा हाताळलं होतं. रात्रपाळी करून मी थेट काठावर आलो होतो. डोळे चुरचुरत होते. दादाला लगेच निघायचं होतं, मी नको म्हणालो. आत्या आडवी पडून येणार. आत पाणी शिरलं तर तिला कूसही बदलता येणार नव्हती.

म्हणून आत्याच्या वजनाइतकी रेतीची पोती भरून होडीत ठेवली आणि काठाकाठाने एक फेरी मारली. थोड्याच वेळात पाय भिजले. एका फळीचा सांधा सुटत चालला होता. होडी ओढून बाहेर काढली, उन्हात वाळवली, चिंध्या ठासून वर गरम डांबर ओतलं. शिडाचा दोर एका जागी कुजला होता, तोही बदलला. जीपच्या दोन जुन्या ट्यूब हवा भरून आत बांधल्या. एवढं होईस्तोवर उलटा वारा सुटला.

दादा दगडावर बसला. "ती तिकडं कळा काढते, नि आमी हितं डांबर लावतोय," तो म्हणाला. त्या दिवशी आम्ही निघालोच नाही.

सकाळी होडीचा तळ कोरडा होता, वाराही पडला होता. पलीकडे पोहोचलो. आत्याला गोधडीसकट फळीवर घेतलं आणि हळूच होडीत ठेवलं. परतताना मध्यावर वाऱ्याचा जोराचा झोत आला. मी झटकन शीड उतरवलं आणि उरलेलं अंतर आम्ही वल्हवत कापलं. हात भरून आले होते. आत्या आभाळाकडे बघत पडली होती. काठ जवळ आला तशी ती म्हणाली, "माज्या लग्नाला पन येवडी तयारी नव्हती रे केली कोनी."

दादा हसला. मला हसायचंही त्राण उरलं नव्हतं.

पुढे तिचं ऑपरेशन झालं आणि ती काठी घेऊन चालू लागली. पलीकडे राहायला मात्र ती परत गेली नाही. तिची म्हैस तेवढी आणायची राहिली होती. ती दादाने वळशाच्या वाटेने चालवत आणली आणि घरी येऊन तो दिवसभर झोपून राहिला.