सहावर थांबणारे हात

नेटी क्लिंगरने उभ्या जन्मात दोनच कामं जीव ओतून केली. आठवडाभर शर्टांच्या कारखान्यात बाह्या जोडल्या आणि रविवारी क्लबाच्या मैदानावर सहाबारी रिव्हॉल्व्हर चालवलं. कारखाना बंद पडून जमाना झाला. मैदान मात्र अजून होतं, जुन्या कोळसाखाणीच्या काळ्या ढिगाऱ्याच्या पायथ्याशी.

काय दिवस होते ते. तेव्हा रिव्हॉल्व्हरवाल्यांची वेगळी रांग लागायची. टायमर वाजला की एका जागेवरून दुसऱ्या जागी पळत निशाणं टिपायची. सहा बार झाले की काडतुसांचं चक्र उघडायचं, रिकामी टरफलं झटकायची, पत्र्याच्या चकतीत अडकवलेली सहा काडतुसं एका दमात आत सोडायची आणि पुन्हा सुरू. या भरण्यात नेटीचा हात धरणारं कोणी नव्हतं. भलेभले गडी कॉफीचा घोट तोंडात तसाच ठेवून बघायचे. पुढे एकेक जण मुठीत काडतुसांची पेटी सरकवायच्या चपट्या पिस्तुलांकडे वळला, काही देवाघरी गेले, आणि रांगेत नेटी एकटी उरली. त्या माणसांची तिला फार आठवण यायची, त्यांच्या शिव्यांचीसुद्धा.

गेल्या हिवाळ्यात बोटांच्या सांध्यांनी दगा दिला. भरताना चकती निसटून खडीत पडायची. ती वाकून उचलेपर्यंत मागचे सगळे उगाचच आभाळाकडे बघायचे, आणि तेच तिला जास्त लागायचं.

"आठबारी घे," एका संध्याकाळी हालुपकीचा, म्हणजे कोबीच्या पानात गुंडाळलेल्या खिम्याचा, तुकडा तोंडात टाकत तिचा नवरा हार्लन म्हणाला. "एका जागेवरून आठाच्या वर बार लागतच नाहीत. मधे भरायची कटकट नाही."

"म्हणजे आयुष्यभर जे कमावलं, तेच सोडून द्यायचं?"

"नको तर नको. घरी बस, माझ्याबरोबर टीव्हीवर हवामान बघ."

"त्यापेक्षा आठबारी परवडलं."

हा हार्लन क्लबाचा पंच. माणूस महाखडूस. रेषेबाहेर अर्धं पाऊल पडलं म्हणून त्याने सख्ख्या मेव्हण्याला दंड लावला होता, आणि तो मेव्हणा नाताळाला जेवायला आला नाही तरी याला त्याचं काही वाटलं नव्हतं. बायको म्हणून नेटीलाही कधी सूट मिळाली नाही.

दुकानदार यूर्कोनिसने काउंटरवर फडकं पसरून तीन रिव्हॉल्व्हरं मांडली. "नेटी, चपटं घे ना एखादं. जग कुठल्या कुठे गेलं."

"जाऊ दे की. मी कुठे अडवलंय त्याला?"

पहिलं वजनाला हलकं होतं. असलं हलकं हत्यार बार काढताना मनगटाला हिसका देतं, हे तिला पक्कं ठाऊक. दुसऱ्याची नळी लांब, त्यामुळे ते पुढे झुकत होतं. तिसरं भरीव पोलादी, आखूड नळीचं. नेटीने डोळे मिटून त्याचं चक्र उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. तिच्या जुन्या रिव्हॉल्व्हरची काडतुसं ढब्बू, भोकात आपसूक पडायची. याची सडपातळ, चकतीत लडबडणारी. पण चाप मऊ होता आणि दुखरा अंगठा चक्र उघडायच्या खटक्यापर्यंत पोचत होता. हे आवडतंय याचाच तिला राग आला.

"मूठ मोठी होतेय तुला," यूर्कोनिस म्हणाला.

"घासून देईल हार्लन. दुसरं काम काय आहे त्याला?"

घोटाळा पुढेच झाला. पहिल्याच रविवारी सहावा बार झाला आणि हातांनी आपल्या मनाने चक्र उघडून सगळं खाली ओतलं. सहा टरफलं आणि दोन भरलेली काडतुसं खडीत. सगळे हसले, तीही हसली. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मग ती स्वयंपाकघरात खोटी काडतुसं घालून सराव करू लागली. सहा झाले की अंगठा खटक्यावर गेलाच. ओरडून झालं, मनात आठापर्यंत पाढा म्हणून झाला. हातांना त्या जुन्या दिवसांतून बाहेर यायचंच नव्हतं.

हंगामाच्या शेवटच्या सामन्याला निघताना ती गाडीत म्हणाली, "आज पुन्हा दोन पडली तर हे यूर्कोनिसला परत. आणि मीही घरी."

हार्लनने नुसती गाडी सुरू केली.

तिची पाळी आली. नियमाप्रमाणे हार्लन टायमर घेऊन तिच्या खांद्यामागे उभा राहिला. टायमर वाजला. पहिल्याच जागी आठ लोखंडी तबकड्या होत्या. तीन पडल्या, चार, पाच. सहावी पडली आणि अंगठा खटक्याकडे सरकला.

"सात," मागून आवाज आला.

अंगठा थबकला. बोटाने चाप ओढला. सातवी पडली, मग आठवी. तेव्हाच तिने चक्र उघडलं. खाली पडली ती सगळी रिकामी टरफलं होती. उरलेली निशाणं तिने कशी संपवली ते तिला नीट आठवत नाही.

शेवटी चक्र रिकामं दाखवून तिने हत्यार कमरेला लावलं. मैदानावरचे सगळे हार्लनकडे बघू लागले. चालू सामन्यात नेमबाजाला मदत करायची नाही, हा नियम नव्या पोरांना हार्लननेच दरडावून शिकवलेला.

गुण लिहिणाऱ्याकडे वळून हार्लन म्हणाला, "मदत झाली. नेटी क्लिंगर, एक दंड. आणि पुढच्या हंगामाला दुसरा पंच बघा."

मागून एकजण म्हणाला, "अरे हार्लन, एका शब्दासाठी?"

"मला आता गप्प राहवणार नाही," तो म्हणाला. मग नेटीकडे न बघता, हळूच, "इतकी वर्षं तुझ्यामागे उभा राहून मनातल्या मनात सहा मोजत होतो मी. आज तोंडातून निघालं."

नेटीला हे कधीच माहीत नव्हतं. इतकी वर्षं पाठीमागे दंड लावणारा माणूस उभा आहे, असंच ती समजत होती.

"मग आता पंच नाहीस ना," डोळे पुसत ती म्हणाली, "तर घरी सरावाला आठही तूच म्हण."