वावरात टांगलेली आईची सीडी

मंडळी, घरातल्या आजारी माणसाच्या जुन्या स्कॅनची सीडी कुठे आहे, आत्ताच बघून घ्या. आमची आज वावरात सापडली.

दोन वर्षांपूर्वी आईच्या फुप्फुसाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. आज तिला चंद्रपूरला तपासणीला न्यायचं होतं. तिथल्या डॉक्टरांकडे आता एआय आलंय. जुना आणि नवा स्कॅन ताडून आजार परत येण्याची शक्यता किती, याचा ते अंदाज देतं.

सकाळी सगळं घर शोधलं. शेवटी कळलं, बाबांनी सीडी धानावरचे पोपट पळवायला बांबूला टांगली होती.

मी चिडले. बाबा म्हणाले, "आजार गेला ना तिचा, मंग ठेवून काय करू? परवाच तं टांगली."

पुसून नेली. दुसऱ्या खेपेला कॉम्प्युटरने ती वाचली. नवा स्कॅन झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "शक्यता कमी दिसते. पण हा अंदाज आहे, तपासणी चुकवू नका."

परतताना बाबा नवी सीडी खांद्यावरच्या दुपट्ट्यात गुंडाळून आमच्या आरमोरीपर्यंत पोटाशी धरून बसले.

मी विचारलं, "आता पोपटांचं काय?"

आई म्हणाली, "खाऊ दे त्यायले थोडं. पुढच्या वर्षी राखणीले मीच जाईन."