नगाऱ्याची जमीन

इनाम म्हटलं की लोकांना वाटतं, कुणीतरी खूश होऊन दिलेली फुकटची जमीन. फुकट कसली डोंबलाची! आमच्या जमिनीवर मालक म्हणून देवाचं नाव आहे, आम्ही नुसते वहिवाटदार. ती विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही आणि बदल्यात रोज संध्याकाळी आरतीला नगारा वाजवावा लागतो. घरात आजारपण असलं तर भावकीतला माणूस पाठवा, पण सेवा चुकता कामा नये. चुकली की जमीन गेली. वतन, मिरास, कूळ हे शब्द लोक शाळेच्या पुस्तकात वाचतात. मी ते जेवताना ऐकत मोठी झाले, कारण आमच्याकडची भांडणं त्याच शब्दांत व्हायची.

वडील गेले तेव्हा मी अंबडच्या एका कारखान्यात नोकरीला होते. मी एकुलती एक. तेरावं झालं न झालं तोच चुलतभाऊ देवळात एक मशीन घेऊन आला. बटण दाबलं की ढोल, झांज, घंटा सगळं आपोआप बडवणारं.

"ताई, आता सेवा माझी," तो म्हणाला. "मशीन मी आणलंय. तुझं लगीन झालंय, काकू एकटी. जमीन माझ्या वहिवाटीला लागू दे."

आमचं गाव देवळाली कॅम्पच्या अंगाला, चहूबाजूंनी प्लॉटिंग सुरू, देवाच्या जमिनीही चोरून विकल्या जात होत्या. या पठ्ठ्याचा डोळा कशावर होता ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण आईचं घर त्याच जमिनीत होतं आणि तिचं पोट तिथल्या भाजीपाल्यावर. ती कुठे जाणार होती?

माझं डोकंच फिरलं. शिफ्ट सुटली की स्कूटी थेट गावाला. मंडपातल्या मशीनची वायर उपटायची, दरवाज्यावरच्या नगारखान्यात चढायचं आणि नगारा बडवायचा. दुसऱ्या दिवशी तो वायर पुन्हा लावायचा, मी पुन्हा उपटायची. नवरा म्हणाला, "किती दिवस चालणार हे?" म्हटलं, "तो दमेपर्यंत."

शेवटी त्याने तहसिलीत तक्रार केली आणि मंडळ अधिकारी चौकशीला देवळात आले. सगळा गाव गोळा झाला. "सेवा कोण करतं?" साहेबांनी विचारलं. भावाने ऐटीत बटण दाबलं.

"साहेब, मग जमीन विजेच्या बोर्डाच्याच नावावर करा की!" मी ओरडले. लोक खो खो हसले. मला वाटलं, जिंकले.

हसणं ओसरल्यावर पंचांतले एक म्हातारबाबा बोलले. "पोरी, मशीनचं ऱ्हाऊ दे. पण बाईमाणसानं नगाऱ्याला हात लावायचा नाय, हे पूर्वापार हाय. तू लावलास तिथंच सेवा मोडली." एकेक मान डोलायला लागली. साहेब लिहू लागले.

तेवढ्यात मागे बायकांत बसलेली आई उठली. चार लोकांत तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"यांचा उजवा हात लुळा पडला होता, आठवतं का?" ती म्हणाली. "रोज त्यांना धरून मी वर जायचे. तुम्हांला वाटायचं, ते डाव्या हाताने वाजवतात, मी आधाराला जाते."

मी आ वासून बघत राहिले, मला तरी कुठे माहीत होतं!

"ते जाईपर्यंत नगारा मी वाजवलाय. तुम्ही खाली डोळे मिटून आरत्या म्हणत होता. तेव्हा एकदा तरी कुणाला वाटलं का, सेवा मोडली म्हणून?"

साहेबांनी लिहिलेली ओळ खोडली. "मावशी, नाव सांगा तुमचं."

आईने पूर्ण नाव सांगितलं, खणखणीत. मग आरतीची वेळ झाली होती म्हणून पदर खोचला आणि सगळ्यांच्या देखत नगारखान्याच्या पायऱ्या चढायला लागली.